पुसलेले दोन आकडे

आमच्या घरात बाजारातून आलेली कुठलीही वस्तू आपल्या मूळ पाकिटात दुसरा दिवस काढत नाही. उडीद डाळ, कॉफी पूड, रसम पूड, सगळं स्टीलच्या डब्यांत जातं. डब्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव आणि उघडल्याची तारीख. पट्ट्या मराठीत, पण अक्षरं तमिळ. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत हे असंच चालतं. माझ्या पुण्याच्या जावयाला भाषा येते, अक्षरं येत नाहीत, त्यामुळे एकदा तो कॉफीऐवजी सुंठ उकळून प्यायला आणि बरी आहे म्हणाला.

लेक बाळंतपणाला आली आणि नात चार आठवडे आधीच जन्मली. हातात घेतली की पोळ्यांच्या डब्याएवढं वजन लागायचं. आईचं दूध पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी काही आठवडे वरून पावडरीचं दूध द्यायला सांगितलं. घरी आलो त्याच दिवशी मी दुकानातून दोन डबे आणले आणि दोन्हींतली पावडर एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ओतली. पट्टी लावली. पट्टीवर किती चमचे, किती पाणी, हेही लिहिलं. रोज सकाळी पाणी उकळायचं, निववायचं आणि फ्लास्कमध्ये भरून ठेवायचं, म्हणजे बाळ रडलं की दोन मिनिटांत दूध तयार. पाजायला चांदीची पालाडै होती, म्हणजे होडीच्या आकाराची, चोच असलेली छोटी वाटी. ती अक्कांची, माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहिणीची. माझा नवराही तिच्यातूनच दूध प्यायलेला, हे अक्का येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

घरी आल्यापासून अठराव्या दिवशी सकाळी लेकीने फोनवर बातमी वाचली. आम्ही वापरत होतो त्याच पावडरीच्या एका बॅचमध्ये घातक जंतू सापडल्याचा संशय होता आणि कंपनीने ती बॅच परत मागवली होती. तिने शांतपणे विचारलं, "आई, आपल्या डब्यांचा बॅच नंबर काय?"

मी स्टीलचा डबा उचलला. पट्टीवर सगळं होतं. नंबर नव्हता.

त्या सकाळी बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपलं होतं आणि निम्मंच दूध प्यायलं होतं. तोवर मी ते बाळाच्या दूध-झोपेच्या माझ्या तक्त्यात नुसतं नोंदवलं होतं. आता त्याच नोंदीकडे बघवेना.

"रिकामे डबे कुठे आहेत?" लेकीने विचारलं.

रिकामे डबे अक्कांच्या ताब्यात जातात. एकात त्यांनी कोलमची, म्हणजे रांगोळीची पिठी भरली होती. कागद केव्हाच भिजवून काढून टाकलेला, कारण अक्कांना पत्रा लख्ख लागतो. पिठी वर्तमानपत्रावर ओतली, डबा उलटा केला, फोनचा उजेड पाडला. बुडाशी नंबर छापलेला होता. लेकीने बातमीतल्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला. हा तो नव्हता.

दुसरा डबा अक्कांनी कोपऱ्यावरच्या फुलवालीला दिला होता. ती त्यात पाणी भरून मोगऱ्यावर शिंपडायची. मी चपला न घालताच गेले. तिने पाणी ओतून डबा हातात दिला आणि बाळ कसं आहे विचारलं. मी म्हटलं, तेच बघायला आले आहे. डब्याचं बूड रोज ओल्या फळीवर टेकलेलं. पहिले आकडे दिसत होते आणि ते बातमीतल्यासारखेच होते. शेवटचे दोन पुसले गेले होते.

मी घरी येऊन सांगितलं. अक्का म्हणाल्या की त्यांनी डबा धुतला, आकडे नाही धुतले. लेक बाळाला गुंडाळत होती. नवऱ्याने ऑटो थांबवली.

डॉक्टरांनी बाळ नीट तपासलं, ताप पाहिला, रक्त घेतलं. त्यांच्या समोरच बाळ लेकीच्या अंगावर ओढून दूध प्यायलं. त्यांनी ती पावडर फेकून दुसऱ्या कंपनीची आणायला सांगितलं. ताप, सुस्ती किंवा दूध नाकारणं दिसलं तर क्षणभरही थांबू नका म्हणाले.

निघताना नर्सने विचारलं, दूध कसं बनवता. मी जरा ऐटीतच फ्लास्कचं सांगितलं. तिने मान हलवली.

"पाणी उकळून जंतू मारलेत, अम्मा. पण पावडरीतले कोण मारणार? कोमट पाण्यात त्यांची नुसती अंघोळ होते."

मग तिने नीट समजावलं. पावडर बंद डब्यातली असली तरी जंतुमुक्त नसते. पाणी उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, चांगलं गरम असतानाच पावडर घालायची. मग भांडं गार पाण्यात धरून दूध निववायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं, लगेच पाजायचं आणि उरलेलं ओतून द्यायचं. पालाडै दरवेळी घासून उकळायची, चोचीसकट. पावडर तिच्याच डब्यात ठेवायची, चमचा कोरडा. मी लिहून घेतलं. मराठीत, तमिळ अक्षरांत. नर्सने वहीत डोकावून पाहिलं. अक्षरं वाचता येत होती, अर्थ काही लागेना. तेव्हा तिने सगळं माझ्याकडून तोंडी वदवून घेतलं.

पुढचे दोन दिवस मी नवा तक्ता ठेवला: ताप, दूध, झोप. रक्ताचा अहवाल चांगला आला, तरी ठेवला. माझ्या आजवरच्या सगळ्या याद्यांत हीच एक यादी लवकर संपावी असं मला वाटत होतं. अक्का रोज स्वतः पालाडै उकळायच्या आणि चिमट्याने बाहेर काढायच्या. नवऱ्याच्या बाळपणाची गोष्ट मात्र त्यांनी कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नात रडली. अशी रडली की समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. एरवी मूल रडलं की अक्का सगळ्यांना धारेवर धरतात. त्या दिवशी म्हणाल्या, "रडू दे थोडं. ऐकायला बरं वाटतं."

मी तक्त्यासाठी पेन शोधू लागले. लेकीने वही माझ्या हातातून काढून घेतली.

"आई, वेळ नंतर लिही. आधी पाणी ठेव उकळायला."