ठमाबाईंनी वळवलेली लाईन

ठमाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुळगावात चपलेचा अंगठा शिवून घेत होतो. त्यांची सून संगीता म्हणाली, "सायेब, आई गेली. सकाळी उठलीच न्हाय." मी एका पायावर उभा, कानाला फोन... काही सुचेना. महिना उलटला, अजून धड सुचत नाही. पण बाईंना रडकं लिहिलेलं खपलं नसतं.

बदलापूरमागच्या डोंगरात त्यांची ठाकूरवाडी. दूरच्या वाळवंटातली सोलरची वीज मुंबईकडे आणणारी मोठी लाईन तिथून जायची होती आणि टॉवरच्या जागा आखायला कंपनीने मला पाठवलं होतं. एक छान सपाट दगड दिसला, मी झोकात त्यावर लाल रंगाने टॉवरचा नंबर घातला. तो निघाला वाडीचा वाघोबा! अख्खी वाडी जमली. ठमाबाईंनी दगड नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "सायेब, देवाला नंबर दिलात. आता मीटर पन द्या." सगळे हसले; बाई मात्र गंमत करत नव्हत्या. वाडीत तोवर वीजच नव्हती. डोक्यावरून मुंबईची वीज जाणार आणि खाली आपण अंधारात बसणार, हे त्यांना मंजूर नव्हतं.

मी शहाणपणा शिकवायला गेलो. "मावशी, इतक्या दाबाची वीज घरात उतरवता येत नाही."

"मंग आमचं ऊन हाय की. तुमची लाईन आमी दावू तिथनं न्या, आमचं सोलर आमाला बांधून द्या. आन् चालवणार आमी."

वाडीने तसा ठरावच केला. कंपनी आधी कुरकुरली, मग कबूल झाली. पुढचे तीन दिवस बाई पुढे, आम्ही मागे. इथे मोहाची झाडं, तिथे झरा, पलीकडे वाडवडिलांची जागा... लाईनला दोन वळणं जास्त पडली, पण काम एकदाही अडलं नाही. आमच्या इंजिनिअरसाहेबांना फक्त ते 'चालवणार आमी' पटेना. "दोन महिन्यांत बंद पाडतील," ते म्हणाले. मीही मान डोलावली, त्याची आज लाज वाटते. संगीता आणि वाडीतल्या दोन पोरी आनंदनगरच्या एका कारखान्यात जाऊन वायरिंग शिकल्या. ठमाबाई रोज सोबत जायच्या आणि "हे जळलं तर?" विचारून शिकवणाऱ्याला घाम फोडायच्या. सोलर उभं राहिलं, वाडीत दिवे लागले आणि दोन महिने काय, दोन पावसाळे उलटले तरी पोरींनी ते चालू ठेवलं.

त्यांच्या दिवसांना वाडीवर गेलो, तेव्हा मनात एकच धाकधूक होती. बाईंचा वचक होता म्हणून हे चाललं, आता कोण बघणार? जेवणं झाल्यावर सोलरच्या खोलीशी गेलो आणि हात पुढे करून संगीताला म्हणालो, "किल्ली दे गं, जरा बघून घेतो."

तिने पदराला हात पुसले. डोळे भरलेले, पण हसली.

"आईनं सांगून ठेवलंय. सायेब आलं तर चहा द्यायचा, किल्ली न्हाय."

मी हात मागे घेतला आणि ओट्यावर बसलो. चहा फक्कड झाला होता.