पहिल्या तासाचा नियम

तिच्या काकांना मी दाराबाहेर गप्प बसवलं, ही माझी चूक. आणि ते मी केलं हे दोन वर्षं तिला कळू दिलं नाही, हे त्याहून वाईट.

मी परळीत जर्मन शिकवतो. नर्सिंग झालेल्या मुलींना अलीकडे जर्मनीत नोकरी मिळते, पण भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय कुणी नेत नाही. म्हणून भांड्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत माझा वर्ग. परळीच्या, सिरसाळ्याच्या, धर्मापुरीकडच्या मुली येतात.

पहिल्या तासाचा माझा एक नियम होता. दार लावलं की मराठी बंद. मोबाइल आवाज बंद करून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. मग तास संपेपर्यंत हातवारे, चित्रं, नकला आणि फक्त जर्मन. पहिल्याच दिवशी मराठीचा आधार काढून घेतला की माणूस बोलायला लागतो, हे मला माझ्या शिक्षकांनी शिकवलं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्या तासाचा मला फार अभिमान होता. मी त्यात थोडा नटच व्हायचो.

त्या दिवशी नियम सांगितल्यावर मागून कुणीतरी विचारलं, "सर, तहान लागली तर?"

"जर्मनमध्ये पाणी मागायचं."

"मंग आज पाण्यावाचून मेलोच म्हणा की," तिची शेजारीण म्हणाली. सगळ्या हसल्या. मी दार लावलं.

जिच्या काकांचं सुरुवातीला म्हणालो, ती मुलगी पहिल्या बाकावर होती. सिरसाळ्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. घरी मेंढरं, वडील आणि काका मिळून राखायचे. त्या घरातून इतकं शिकलेली ती पहिलीच. मी तिला फळ्यापाशी बोलावलं. 'वी गेट्स?' म्हणजे कसं काय, बरं आहे ना? 'गूट, डांके' म्हणजे बरं आहे, धन्यवाद. मी पोट धरून कण्हून दाखवलं, मग छाती पुढे काढून हसून दाखवलं. तिला लगेच कळलं. ती एकेकीला विचारू लागली, उत्तरं देऊ लागली. आवाज हळूहळू मोकळा होत गेला.

मी मागे सरकत दारापाशी पोचलो होतो. तेवढ्यात दार थोडं उघडलं. फटीत एक चेहरा, घामेजलेला, डोक्याला मफलर गुंडाळलेला.

"सर, जरा..."

मी ओठांवर बोट ठेवलं. थांबा, असं जर्मनमध्येच म्हणालो, बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि दार ओढून कडी घातली. हे सगळं नकलेच्या तोऱ्यातच झालं. माझ्या आडून मुलींना तो चेहरा दिसला नाही; उशिरा आलेल्या कुणाला तरी सरांनी हाकललं असं वाटून त्या हसल्या. फळ्यापाशी ती म्हणाली, "गूट, डांके." मी टाळ्या वाजवल्या.

तास संपला, दार उघडलं, तेव्हा ते गृहस्थ बाकावरून उठले. "चल गं," ते तिला म्हणाले, "तुझ्या बापाला बरं न्हाई."

वडिलांच्या छातीत सकाळी कळ आली होती. त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं होतं. तिचा फोन कुणी उचलेना, म्हणून काका कुणाची तरी मोटरसायकल घेऊन परळीला आले होते. ती दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा वडिलांचं तोंड झाकलेलं होतं. पोरगी आली का, असं ते थोड्या वेळापूर्वीपर्यंत विचारत होते.

महिन्याभराने ती परत वर्गात आली. सगळ्या गेल्यावर माझ्या टेबलापाशी थांबली.

"काका तिथं बाहेर बसून राहिले, सर. दार वाजवायला काय झालं होतं त्यांना? बाप मरत होता आणि मी आत गूट, डांके म्हणत होते." मग खाली बघत म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलत नाही."

ते बोट, ती कडी, सगळं तोंडापर्यंत आलं. मी म्हणालो, "मागचे धडे राहिलेत तुझे. उद्या लवकर ये."

पुढे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एकदा काका भेटले. मी तिला खरं सांगतो म्हणालो. त्यांनी माझा हात धरला.

"नका सांगू, सर. तुमच्यावरनं मन उडालं तर शिकायचं सोडील ती. तिच्या बापाची लई इच्छा होती. मला बोलत न्हाई तर नसू द्या. मी घरातलाच हाय, कुठं जातोय?"

मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच वाटलं. त्यांच्या चांगुलपणाआड मी दोन वर्षं लपलो. पहिल्या तासाला मी आता दार उघडं ठेवतो, पण त्याने तिचं काही परत येणार नव्हतं.

ती परीक्षा पास झाली. जायचा दिवस ठरला. निघण्याआधी तिने मला वस्तीवर जेवायला बोलावलं. तिची आई आग्रहाने वाढत होती. काका ओसरीच्या कडेला बसून जेवत होते. त्यांची भाकरी संपली तेव्हा तिने दुसरी नेऊन ताटात ठेवली आणि एक शब्द न बोलता परत फिरली. काकांनी तिच्या पाठीकडे बघितलं. आता ही पोरगी अशीच विमानात बसणार होती.

मी ताटावरून उठलो.

"सर, काय झालं?"

"तुझे काका दारात आले होते," मी म्हणालो. "त्या दिवशी. ते बोलायला लागले आणि मी त्यांना गप्प केलं. कडी मीच घातली."

ती काकांकडे वळली. "खरं हाय का हे?"

"जाऊ दे की. सर हायेत ते."

"मंग तुमी कावून सांगितलं न्हाई? दोन वर्षं मी तुमाला..." ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि कपाळ त्यांच्या खांद्याला टेकवलं. काकांचा उष्टा हात तसाच वर धरलेला राहिला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. पाहावं अशी माझी अपेक्षाही नव्हती.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"काका, तुम्ही हिच्यासाठी धावत आलात आणि मी तुम्हाला तोंड उघडू दिलं नाही. मग माझा दोष तुम्हाला वाहायला लावला. बाळा, तुझ्या वडिलांची शेवटची भेट माझ्यामुळे चुकली, काकांमुळे नाही. मला माफ करा, दोघंही."