पावसाळी सोयरीक

मे संपत आला होता. रचनाने नवऱ्याच्या, राकेशच्या डब्यात शेवटची पोळी ठेवली, त्याला दारातून वाटेला लावलं, गॅसवर दूध चढवलं आणि तेवढ्यात कोणीतरी जिन्याची जाळी वाजवली. चपलांपाठोपाठ एक भरलेला सिलिंडरही चोरीला गेल्यावर वरच्या मजल्यावरच्यांनी दिवाळीनंतर ही लोखंडी जाळी बसवून घेतली होती. माणूस गेलं-आलं की लगेच कुलूप.

किल्ली घेऊन ती गेली, तर पलीकडे तळमजल्यावरची हौसामावशी कठड्याला धरून दम खात उभी.

"तुरुंगात कोण आहे गं, तू की मी?"

रचनाला हसू आलं आणि जरा ओशाळल्यासारखंही झालं. ही बाई कधी दार वाजवून आलेली नव्हती. सासूबाई, म्हणजे शकूताई, होत्या तोवर ती सरळ ओट्यापाशी यायची.

कोपरच्या खाडीकडच्या अंगाला ही चाळ. तळ आणि वर एक मजला. भरतीच्या वेळेला मोठा पाऊस आला की खाडीचं पाणी गटारातून उलटं फिरतं आणि तळमजल्याच्या मोरीतून वर येतं. शकूताईंच्या काळात हौसामावशी वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या पॅकिंगला जायची. तिथून दमून आली तरी मिरग लागायच्या आत ती चाळीत सोयरिकी जुळवायला निघायची. खालच्या प्रत्येक घराला वरचं एक घर. खालच्यांची कागदपत्रं, शिलाई मशीन, तांदळाचा डबा सगळं वर जायचं, ते गणपती गेल्यावरच खाली यायचं. नेताना वरच्या घरी काहीतरी गोड द्यायचं, एवढाच काय तो रिवाज. नळावरून वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या केशरबाई आणि रंगूबाईंना तिने मुद्दाम जोडलं होतं. भांडायला तरी एकमेकींच्या घरी जाल, म्हणाली.

स्वतःची सोयरीक तिने शकूताईंशी बांधली, ती कायमची. रचना लग्न होऊन आली त्या जूनमध्ये बाबासाहेबांची तसबीर वर आली आणि शकूताईंनी ती गणपतीच्या शेजारच्या खिळ्याला लावली. एक निळी ट्रंकही आली. ती सासूने आपल्यासाठीच आणलीय असं समजून रचनाने तिच्यात, आधीच्या गोधड्यांवर, आपल्या लग्नातल्या साड्या रचून ठेवल्या. सांगायचं कोणाला सुचलं नाही, आणि नव्या नवरीने विचारायचं तरी कसं?

मग ती सव्वीस जुलै आली. अंधार पडेपर्यंत पाणी तळमजल्याच्या खिडक्यांना लागलं आणि सगळा तळमजला जिना चढून वर आला. कोणी कोणाला विचारलं नाही. ज्याचं सामान जिथे, ती माणसं तिथे. हौसामावशी पाच वर्षांच्या लेकाला, राजरत्नला कडेवर घेऊन आली, पोर गारठून काकडत होतं. वीज गेलेली. तिने चाचपून ट्रंक उघडली आणि हाताला लागलं ते त्याच्याभोवती गुंडाळलं. उजाडल्यावर दिसलं, तो रचनाचा शालू होता.

"नवरदेव झालास की रे," शकूताई म्हणाल्या, आणि रात्रभर जीव मुठीत धरून बसलेली ती खोली पहिल्यांदा हसली.

गणपतीनंतर शालू परत आला. रिठ्यात धुतलेला, घडी मोडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि वर वाटीभर खीर. त्या शालूला आजही रिठ्याचा वास येतो असं रचनाला वाटतं. राकेश म्हणतो, काहीतरीच.

दूध वर आलं. मावशीने आत जाऊन पूर्वीसारखाच गॅस बारीक केला, आणि चहा होईपर्यंत ओट्याला टेकून बोलत राहिली. सोयरिकी एकेक करत सुटल्या होत्या. वरच्या निम्म्या घरांत भाडेकरू आले, आणि पाण्याचा इशारा आता मोबाइलवर येतो, असं सगळेच म्हणतात. शकूताईंनाही जाऊन तीन वर्षं झाली.

पलंगाखालची जागा आपण आजच रिकामी करू, ट्रंक पाठवून द्या, असं रचनाने आपणहून म्हटलं. मावशीने मान हलवली. ट्रंक केव्हाच गंजून गेली होती. कागदपत्रं राजरत्नने पुण्याला नेली होती. तिच्या मनात दुसरंच होतं. खाली कोपऱ्यातल्या खोलीत जगन नावाचा नवा भाडेकरू आलाय, त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्याला तिने कालच सांगून टाकलं होतं, पाणी आलं की आईला उचलायचं आणि वर शकूताईंच्या घरी न्यायचं. तुला न विचारताच सांगितलं, म्हणाली. सवय जात नाही.

आणि मागच्या आठवड्यात वळवाची सर आली तेव्हा, पाय चालतात का बघावं म्हणून ती स्वतः जिना चढून आली होती. जाळीला कुलूप होतं. खूप वाजवलं. आत टीव्ही चालू असावा, कोणाला ऐकू गेलं नाही. ती परत खाली गेली.

रचनाने चहाचा कप मावशीपुढे ठेवला. जाळीची किल्ली समोर ओट्यावर पडली होती.

"सामानाचं काही नाही गं," हौसामावशी म्हणाली. "भिजलं तर वाळेल. त्या जाळीची एक किल्ली तेवढी माझ्या घरी खुंटीला असू दे. पावसाळ्यापुरती."