रॅमसाठी रिकामी जागा

मला जी गोष्ट कळत नाही तिचा मला राग येतो. हा माझा स्वभाव आहे आणि या वयात तो सुधारण्यातला नाही. गेल्या वर्षी दोन गोष्टी मला एकदमच कळेनाशा झाल्या. एक म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते, आणि दुसरी म्हणजे लॅपटॉपची रॅम.

आधी डॉक्टरांचं सांगते. होळीच्या आसपास आमच्या ह्यांच्या आतड्यातली गाठ काढली, सोलापूरला. नंतर तपासणीला बोलावलं तेव्हा हे आत शर्टाची बटणं लावत होते आणि डॉक्टर आमच्याकडे बाहेर आले. मी होते आणि पुण्याहून आलेला आमचा मुलगा होता. डॉक्टर म्हणाले, "सध्या चांगलं आहे. फक्त फार लांबचं काही ठरवू नका." एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेलेसुद्धा. मी मुलाला विचारलं, लांबचं म्हणजे किती लांबचं? त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. "आई, गप. बाबा यायलेत," म्हणाला.

गाडीत बसल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणले गं डॉक्टर?"

"चांगलंय म्हणले."

खोटं नव्हतं ते. वाक्य अर्धंच सांगितलं, इतकंच.

त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यानं मात्र माझं डोकं पार पिकवलं. दसरा लांबचा की जवळचा? पुतणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात धरलं होतं, ते लांबचं का? बाजारात मिरच्यांच्या ढिगासमोर उभी राहिले तर तिथंही तेच. वर्षाचं तिखट करायचं की थोडंच करायचं? अर्ध्या वर्षाचं तिखट आमच्याकडे कुणी करत नाही. केलं असतं तर शेजारणींनी विचारलं असतं, का गं, का? शेवटी दरवर्षीएवढंच केलं. मिरच्या कांडताना सगळ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी येतच असतं, त्यामुळे माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ती एक सोय झाली.

आणि नेमकं त्याच दिवसांत ह्यांनी लॅपटॉपचं काढलं.

हे हायस्कुलात क्लार्क होते. आमच्या गावात, अणदुरात, अजून सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणूनच हाक मारतात. निवृत्त झाल्यावर ह्यांनी एक नाद लावून घेतला. कुणाच्या घरी खंडोबाचं जागरण असलं की फोन घेऊन जायचं आणि वाघ्या-मुरळीची गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओत टिपून आणायची. आमच्या गावचा खंडोबा वर्षातून एकदा शेजारच्या नळदुर्गला मुक्कामाला निघाला की मग तर हे दिवसभर घरात नसतात. घरी आल्यावर ती गाणी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर घ्यायची, खोकणं, खुर्च्या सरकवणं, लेकरांची रडारड कापून टाकायची आणि खाली गाण्याचे शब्द उमटवायचे. शब्द उमटलेच पाहिजेत, असं ह्यांचं म्हणणं. हल्लीच्या पोरांना ऐकून कळत नाही. गावातली निम्मी माणसं ह्यांच्या त्या कामाची चेष्टा करतात, आणि जागरण ठरलं की पहिला निरोप ह्यांनाच धाडतात.

तो जुना लॅपटॉप म्हणजे पाटा होता, पाटा. चटणी तेवढी वाटायची राहिली होती. ऑपरेशननंतर ह्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही असं बजावलेलं, आणि तो मांडीवर घेतला की बरोबर टाक्यांवर टेकायचा. शिवाय एक गाणं कापायला घेतलं की त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि पडदा गोठून बसायचा. तेव्हा नवीन घ्यायचा, पातळ, हलका, एका हातानं उचलता येईल असा, हे ठरलं. त्याला माझी ना नव्हती. उलट मनातून बरं वाटलं. ही काही लांबची गोष्ट नव्हती.

पण आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू आजच्यासाठी घेता येत नाही. मुलाच्या शाळेच्या पँटी हे वाढत्या अंगाच्या शिवून घ्यायचे, इतक्या वाढत्या की पट्टा छातीवर यायचा आणि पँट अंगाला बसेपर्यंत गुडघ्यावर विटलेली असायची. घर बांधलं तेव्हा वरच्या मजल्याच्या सळया गच्चीवर काढून ठेवल्या. त्यांना मी वाळवणाची दोरी बांधते. तर लॅपटॉपचंही तेच. हे रोज सकाळी चहा झाला की फोनवर वाचत बसायचे आणि मला सांगायचे.

"हे बघ, आत्ता रॅम कमी असली तरी चालंल. पर आत एक खाच रिकामी पाह्यजे. दोन-तीन वर्षांनी अजून एक टाकू. त्याच्या पुढं स्टोरेज वाढवू. बॅटरी तवाच बदलायची."

हे बोटांवर मोजायचे. दोन-तीन वर्षं एका बोटावर, त्याच्या पुढचं दुसऱ्या बोटावर. मी म्हणायचे, "चहा गार व्हायलाय." ह्यांना खरंच काही माहीत नव्हतं का? की माहीत असून माझी परीक्षा बघत होते? मी ह्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचे. चेहऱ्यावर चष्मा होता आणि रॅम होती. बाकी काही दिसायचं नाही.

निदान रॅम तरी समजून घ्यावी म्हणून मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, रॅम म्हणजे आपला ओटा समज. स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा मोठा असला की एका वेळेला जास्त कामं पसरता येतात."

"मग ओटा नंतर कसा वाढवायचा? भिंत पाडावी लागंल की."

"बरोबर बोललीस! पातळ लॅपटॉपचं तेच असतं. लई लॅपटॉपांची रॅम आतल्या बोर्डालाच डाख लावून पक्की केलेली असते. घेताना जेवढी तेवढीच. थोड्या लॅपटॉपांत एक जागा रिकामी सोडतात, पण ते जरा जाड होतात."

मी बरोबर बोलले होते म्हणे. मला तर अजिबात काही कळलेलं नव्हतं. पातळ करायचं म्हणून पुढची वाट बंद करायची, हा कुठला शहाणपणा? मुलगा म्हणाला, "बाबांना पाहिजे तो घेऊ दे. त्यांना जे वाटतंय ते करू दे आता." त्या 'आता'वर मी त्याला इतकी बोलले की त्यानं कामाचं निमित्त करून फोन ठेवला. बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

आषाढात एक दिवस हे खुशीत आले. "थांबू आपण," म्हणाले. "दिवाळीनंतर नवीन यायलंय. ह्याच्यापेक्षा हलकं, आन् खाच बी हाय म्हणं. आत्ता घेतलं तर हळहळत बसावं लागंल."

दिवाळीनंतर! मी भाजी निवडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला थांबायचं? घेऊन टाका की आत्ताच."

ह्यांनी मान वर केली. "तू म्हणतीस हे? साधा मिक्सर घ्यायचा तर तू दिवाळ्यांवर दिवाळ्या घालवल्यास. दुकानदार वळख द्यायला लागला तुला."

"मिक्सरचं येगळं."

"काय येगळं?"

"आपल्या वयाला कसली वाट बघायची," असं काहीतरी बोलले आणि बोलल्या क्षणी जीभ चावली. ह्यांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"बरं," म्हणाले. "परवा जाऊ धाराशिवला."

त्या दिवशी रॅमचं नाव निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घरात नुसती गोल गोल फिरत होते. मी काय सांगून बसले होते? एक शब्द बोलले नव्हते, तरी सगळं सांगितलं होतं का? मुलाला फोन लावला, "अरे, माझ्या तोंडून निसटलं की काय कोण जाणे." तो घाबरून म्हणाला, "काय बोललीस?" मी म्हणाले, "लॅपटॉप घ्या म्हणाले." "मग? त्यात काय झालं?" आता त्याला काय झालं ते कसं समजावून सांगणार? मलाच नीट समजलेलं नव्हतं.

एसटीनं तुळजापूरवरून धाराशिवला गेलो. धाराशिव लिहिते खरी, पण कंडक्टरजवळ तोंडातून उस्मानाबादच निघालं. गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले होते. सोयाबीन यंदा चांगलं उगवलंय म्हणाले. एरवी एवढ्या वाटेत ह्यांनी मला अख्खा लॅपटॉप उलगडून दाखवला असता.

दुकान एका बाईंचं होतं, चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, काम काय आहे ते विचारून घेतलं. मग दोन लॅपटॉप काउंटरवर ठेवले आणि म्हणाल्या, "काका, साधारण किती वर्षं वापरायचा विचार आहे? त्या हिशोबानं सांगते."

सरळ प्रश्न होता. त्या दिवसातून दहा जणांना विचारत असतील. मी काउंटरवरच्या काचेकडे बघायला लागले. काचेखाली माऊस मांडून ठेवले होते, काळे, लाल, एक गुलाबी.

"तसं काय न्हाय," हे म्हणाले. "हातातलं काम झालं म्हंजे झालं."

त्यांनी दोन्हींतला पातळ उचलला. एका हातावर तोलून बघितला. खरोखर हलका होता, हात जरासुद्धा खाली गेला नाही. बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "काका, पण यात पुढं काही वाढवता येणार नाही हं. रॅम आहे तेवढीच राहणार. नंतर म्हणाल, बाईंनी सांगितलं नाही."

"नगं वाढवायला," हे म्हणाले. "एवढं पुरं."

उन्हाळाभर ज्या माणसानं खाच, खाच म्हणून माझा जीव खाल्ला, तो माणूस म्हणत होता, एवढं पुरं. आवाज चढवून नाही, उदास होऊनही नाही. वाढलेली भाकरी नको म्हणावी तसं. तेव्हा मला कळलं की ह्यांना माहीत आहे. पण कधीपासून? मी घाई केली त्या दिवसापासून? की सोलापूरहून परत येताना गाडीतच माझं अर्धं वाक्य ओळखलं होतं? मग ते दोन-तीन वर्षं आणि त्याच्या पुढचं स्टोरेज कुणासाठी चाललं होतं? स्वतःसाठी? की मी धीर सोडू नये म्हणून माझ्यासाठी? आम्ही दोघं मिळून कुणाला फसवत होतो?

खरं तर मला तिथं रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. डॉक्टरांचा आला, त्या बाईंचा आला, ह्यांचा तर सगळ्यात जास्त आला. पुरं म्हणे! कुणाला विचारून पुरं?

"खाच असलेला कोणता?" मी विचारलं.

बाईंनी दुसऱ्याकडे बोट केलं. मी तो ओढून ह्यांच्यापुढं सरकवला. "हा घ्या."

"अगं, जड हाय तो."

"किती जड हाय?"

"जरा हाय. मला उचलायचं न्हाय म्हणून सांगितलंय की, तुझ्याच म्होरं."

"मी उचलीन."

"रोज?"

"रोज. सकाळी काढून दीन, सांजच्याला ठेवीन. तुमी नुसतं गाणी कापा."

ह्यांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाई घोटाळ्यात पडल्या. त्यांना वाटलं असणार, नवरा-बायकोचं वजनावरून भांडण लागलंय. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काकू, काकांच्या कामाला पहिलाही चालेल बरं का. ती रिकामी जागा लागेलच असं काही नाही."

"लागणार हाय," मी म्हणाले. माझा आवाज जरा मोठाच निघाला. दारातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

बाईंनी मग नाद सोडला. आपल्या कॉम्प्युटरवर त्या लॅपटॉपच्या आतला फोटो उघडून दाखवला, कुठं काय बसवलंय तो. हिरव्या पाटीवर काळे चौकोन होते आणि त्यांच्या शेजारी एक लांबट जागा मोकळी होती. "ही बघा," म्हणाल्या, आणि खोकं आणायला आत गेल्या. हे वाकून त्या फोटोकडे बघत राहिले, चष्मा वर-खाली करून. मीही वाकले. मला त्यात काय बघायचं ते कळत नव्हतं, पण आमची डोकी जवळजवळ टेकली होती.

मग हे सरळ झाले. "ह्या जागंत बसंल अशी रॅम मिळंल का गं पुढं?"

बाई अजून आतच होत्या. हे माझ्याकडे बघून विचारत होते.

"मिळंल की," मी म्हणाले. "न मिळायला काय झालं?"