पंचायतीचा रेडिओ आणि माझी मतं

गावात कोणतीही नवी वस्तू आली की ती आधी माझ्या दारात यायची आणि मी तिला नावं ठेवायचो. हा माझा दुसरा धंदा होता. पहिला मास्तरकीचा. कामरगावपासून दोन-तीन कोसांवरच्या त्या गावात इंग्रजीची चार अक्षरं वाचता येणारा मी एकटाच. म्हणून टॉर्चच्या डब्यावर काय लिहिलंय, स्टोव्हमध्ये हवा किती भरायची, घड्याळाला चावी कोणत्या बाजूने द्यायची, हे सगळं विचारायला लोक माझ्याकडे. आणि एकदा माणूस दारात आला की मत ऐकवल्याशिवाय मी त्याला सोडत नसे.

स्टोव्ह आणला त्याला मी म्हणालो, चूल फुंकली की पेटते, याच्या तोंडात पिन मारत बस आता. मनगटी घड्याळ घेणाऱ्याला विचारलं, तुला गाडी कुठली पकडायची आहे? टॉर्चवाल्याला सांगितलं की टॉर्चने साप दिसतो हे खरं, पण सेल संपले की साप तेवढाच राहतो. लोक हसत, वस्तू घेऊन घरी जात आणि वापरत. माझं ऐकून एखादी वस्तू कोणी परत केल्याचं मला तरी आठवत नाही. तरी विचारायला पुन्हा येत. आता वाटतं, त्यांना सल्ला नको असायचा, करमणूक हवी असायची.

पंचायतीचा रेडिओ आला तो आम्ही नागपूरकडून मुंबईकडे गेलो त्याच्या पुढच्या वर्षी. म्हणजे आम्ही कुठेच गेलो नव्हतो. गाव तिथंच होतं, छप्पन साली कागदावरचं राज्य तेवढं बदललं होतं. जीपमधून एक सरकारी माणूस आला, त्याने पंचायतीच्या खोलीवर दोन बांबू उभे करून तार बांधली, पेटी टेबलावर ठेवली, मला पाव तास समजावलं आणि एका कागदावर माझी सही घेतली. झालं. चार वर्ग एका खोलीत शिकवायचे, मतदारांच्या याद्या करायच्या, देवीची लस कोणी टोचून घेतली नाही ते लिहून काढायचं, आणि आता रेडिओ सांभाळायचा. मला थकायला वेगळं काही करावं लागत नसे.

लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, आणि दोनच कळा. एक चालू-बंदची, एक आवाजाची. केंद्र आतून ठरवून दिलेलं, ते बदलायची सोय नव्हती. या एका गोष्टीबद्दल माझं मत चांगलं होतं. बाकी सगळं बॅटरीवर अवलंबून. बॅटरी म्हणजे दोन विटांएवढा पुठ्ठ्याचा खोका, वरून डांबरासारखा काळा लेप. ती संपली की अकोल्याला अर्ज करायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. म्हणून मी नियम केला की रेडिओ संध्याकाळी एकदाच लागेल आणि कळेला हात मी लावीन, दुसरं कोणी नाही. आधी अर्धा तास गाणी असत. ती मी लावून ठेवायचो, पण ऐकायला नव्हे. माणसं जमेपर्यंत पेटी तापावी, एवढाच हेतू. मग बातम्या, मग बाजारभाव, मग शेतकऱ्यांसाठी कोणा तज्ज्ञाचं भाषण. ते सुरू झालं की शेतकरी उठून जात.

माझ्या बायकोचं माहेर कारंज्याचं. तिच्या घराशेजारी एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे मोठा रेडिओ होता. लग्नाआधी रोज संध्याकाळी ती त्या बाजूच्या खिडकीत कंदिलाच्या काचा पुसायला बसायची आणि गाणी ऐकायची. तीनच काचा होत्या, पण ती त्या तासभर पुसायची, असं तिची आई सांगे. लग्न करून ती माझ्या गावात आली आणि ते बंद पडलं. पंचायतीत रेडिओ आला तेव्हा तिने मला विचारलं, "मले एखांद्या दिवशी आयकाले भेटन का जी?"

"तिथं सगळी पुरुषमाणसं बसतात," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पंचायतीच्या खोलीत बाई पाय ठेवत नसे.

"मंग घरी एक आणा ना. लहानसा."

मी मत दिलं. स्वयंपाक आणि रेडिओ एका घरात नांदत नाहीत, असं काहीतरी बोललो. मला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर ती रोज दिवेलागणीच्या आधी सूप आणि तुरीची डाळ घेऊन मावशीकडे जाऊ लागली. मावशी म्हणजे गावाची मावशी, पंचायतीच्या खोलीमागे एकटी राहणारी विधवा. डाळ घरी का नाही निवडत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तिच्या अंगणात उजेड बरा आहे. यावर माझं काही मत नव्हतं. असं क्वचित व्हायचं.

त्याच दिवसांत पेपरमध्ये रशियाने आकाशात आपला चंद्र सोडल्याची बातमी आली. नागपूरचा पेपर कारंज्याहून मोटारीने आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचायचा, आणि रेडिओ तापेपर्यंत मी तो मोठ्याने वाचून दाखवायचो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "गुरुजी, त्या चंद्रावर कोण बसला हाये?"

"कोणी नाही. नुसता आवाज करत फिरतो."

"मंग कायले सोडला?"

"ते त्यांना विचारा. माझ्या शाळेत खडू नाही, एवढं मला माहीत आहे."

पुढे कधीतरी अशीही बातमी आली की परदेशात खिशात मावणारा रेडिओ निघाला आहे आणि तो टॉर्चच्या सेलवर चालतो. मी पेपर खाली ठेवला आणि जाहीर केलं, ही निव्वळ बाता मारायची कामं आहेत. खिशात रेडिओ मावत असेल तर उद्या तांब्यात विहीर मावेल. या मताची आठवण आज कोणी काढली तर मी खाली पाहतो.

असंच एकदा सरपंचांच्या धाकट्या भावाने विचारलं, घरी एक सेट घ्यावा का. रेडिओवर गाणं चालू होतं, म्हणून मी आवाज चढवून बोललो. "घरात रेडिओ आला की भाकर करपली म्हणून समजा. बायकांना गाण्यातलं काय कळतं? त्यांना नुसता गलका पाहिजे." सगळे खो-खो हसले. ते हसणं मला आवडलं. दिवसभर चार वर्ग हाकून आल्यावर माणसाला तेवढं सुख पुरतं. सरपंचांच्या भावाने सेट घेतला नाही. म्हणजे माझं एकदाच कोणी ऐकलं, ते हे.

वैशाखात बॅटरी उतरली. बातम्या सांगणारा विहिरीतून बोलल्यासारखा बोलू लागला. आमच्याकडे सेल उतरले की त्यांना ऊन दाखवायची पद्धत. उन्हाळ्यात कोणाच्याही घरावर पाहिलं तर एका बाजूला पापड, एका बाजूला कुरड्या आणि कडेला टॉर्चचे सेल ओळीने वाळत घातलेले. त्याने सेल खरंच दोन-चार दिवस जास्त चालत. मी स्वतः लोकांना सांगायचो, फेकू नका, ऊन दाखवा. म्हणून मी रेडिओची बॅटरी उचलली आणि सकाळी शाळेच्या टिनाच्या छपरावर ठेवली. छोट्या सेलला जे चालतं ते मोठ्याला का चालू नये? बॅटरीबरोबर आलेला इंग्रजी कागद मी वाचला होता. कोरड्या जागी ठेवा, असं त्यात होतं. थंड हा शब्दही त्याच ओळीत होता. तो मी सोडून दिला होता.

वैशाखातलं आमच्याकडचं टिन. संध्याकाळी चढून पाहिलं तर काळा लेप वितळून टिनाच्या पन्हळीतून ओघळला होता आणि खोका फुगून एका बाजूने उलला होता. खाली उभ्या असलेल्या लोकांना मी वरूनच सांगितलं, आजकालचा मालच असा. कोणी मला काही बोललं नाही. दोन दिवस चुकचुकले, तिसऱ्या दिवशी पंचायतीच्या खोलीत पत्त्यांचा डाव बसला. एकजण पत्ते पिसता पिसता म्हणाला, "अर्ज करून द्या गुरुजी, काही घाई नाही."

घाई कोणाला होती ते मला घरी कळलं. बायको सूप घेऊन आमच्याच ओसरीवर बसली होती. दुसऱ्या दिवशीही तिथंच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "मावशीकडे नाही जात आता?"

"आता तिथं काय हाये?"

"उजेड."

तिने सूप मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी हा ना तुमी? मावशीच्या अंगणात पंचायतीचा झरोका हाये. गाणे आयकू येत होते. आमी पाच-सा जणी बसत होतो. दिवसभरात तेवढाच अर्धा घंटा माहा होता. तो तुमी टिनावर वाळू घातला."

एवढं बोलून ती पुन्हा खडे निवडू लागली. 

अर्ज मी शेकड्यांनी लिहिले असतील. शाळेच्या छपरासाठी, फळ्यासाठी, बदलीसाठी. सगळे एकाच मजकुराचे, कंटाळून लिहिलेले. बॅटरीचा अर्ज मी तीनदा खोडून लिहिला. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिला. अकोल्याला स्वतः गेलो, तिथल्या बाबूने सांगितलं की बॅटऱ्या आल्या नाहीत, आल्या की कळवू. पावसाळा गेला. सगळ्या पावसाळ्यात ती ओसरीवर डाळ निवडायची आणि मी वह्या तपासायचो, आणि त्या घरात खडा सुपातून बाहेर टाकल्याचा आवाज ऐकू यायचा. मी भित्रा माणूस नाही, पण त्या आवाजाला मी भिऊ लागलो होतो.

दसऱ्यानंतर बॅटरी आली. मी कोणाला सांगितलं नाही. रविवारी दुपारी सगळं गाव वावरात असताना मी पंचायतीच्या खोलीची किल्ली घेतली आणि बायकोला म्हणालो, चल. ती लगेच उठली. हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्यामागे आली. उंबऱ्याशी जरा थांबली, मग आत येऊन पेटीसमोर सतरंजीवर बसली. त्या सतरंजीवर बसलेली पहिली बाई ती. मी कळ फिरवली. पेटी तापली आणि गाणं लागलं.

मला वाटलं, आपण आज मोठं काम केलं. आणि मी बोलायला लागलो. ही बॅटरी आधीच्यापेक्षा हलकी दिसते, खरखर होते ती तारेमुळे, बांबू वाकला आहे, त्या माणसाने तार बांधतानाच घाई केली होती.

"थोडंसं गप बसता का जी?" ती म्हणाली. रागाने नाही. दळणाला जाताना दार ओढून घ्या म्हणावं, तशी.

मी बाहेर आलो. भर उन्हात कुठे जाणार? खोलीला वळसा घालून मावशीच्या अंगणात गेलो. मावशी झरोक्याखाली मूग पाखडत बसली होती. तिने मला पाहिलं, नवल केलं नाही, कोपऱ्यातलं दुसरं सूप माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. वरच्या झरोक्यातून गाणं येत होतं. भिंतीमुळे खरखर इकडे येतच नव्हती. नुसता गळा येत होता. एवढे दिवस त्या पेटीसमोर बसून मी असं एकही गाणं ऐकलं नव्हतं.

"आज बरं सलग येऊन राह्यलं," मावशी म्हणाली. "नाहीतर मधात तुमचा आवाज."

"माझा?"

"मंग? समदं आयकू येते इकडे. तो रशियाचा चंद्र, ते तांब्यातली इहीर. तुमचं बोलणं कधी सरते याची आमी वाट पाहत बसो." तिने सुपातली फोलपटं फुंकून टाकली. "ते भाकर करपाची गोष्ट काढली होती ना तुमी? त्या दिवशी आमी समद्या हासलो. तुमचा आवाज म्हणल्यावर हासू येतेच. तुमची बाई नाही हासली. सूप उचललं अन् घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली त मले म्हणे, मावशी, गाण्यातलं मले कळते."

मी समोरचं सूप मांडीवर ओढलं.

"तुमाले सांगू नोको म्हणे. पण आता सांगतलं मी."

बायको तशी उठून घरी गेली त्या संध्याकाळी मी जेवलो असणार. त्या दिवशीची भाकरी आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. काही आठवेना, म्हणजे ती रोजच्यासारखीच असणार, कुठेही न करपलेली. ताटात वाढली, मी खाल्ली आणि वर पेपरमधलं काहीतरी ऐकवलं असेल.

झरोक्यातलं गाणं संपलं आणि दुसरं लागलं. बॅटरी जळत होती आणि माझा नियम मोडत होता. मी सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला, मग दुसरा. आत बायकोने आपल्या हाताने कळ फिरवून रेडिओ बंद केला, तोवर मी मावशीच्या अंगणातून उठलो नाही.