तीन चिऱ्यांची उंची

आमच्या आचऱ्याच्या घराच्या फाटकाजवळ दोन चिरे एकावर एक रचून ठेवलेले होते. पाहुण्यांना वाटायचं, तुळशीचं बांधकाम अर्धवट राहिलंय. तसं नव्हतं. ती माझी मोटारसायकलवर चढायची पायरी होती.

माझे यजमान जन्मभर बोटीवर इंजिनाच्या खोलीत राहिले. निवृत्त होऊन घरी आले ते एक जुनी मोठी गाडी विकत घेऊनच. लांबच्या प्रवासाची, पुढे काच, दोन्ही बाजूंना पेट्या, पण बसायला रेसच्या गाडीसारखी, चालवणाऱ्याने पुढे वाकायचं. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि मागे बसले. शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यावरून ओरडली, "खंय चाललंस गो घोड्यार बसान?" म्हटलं, "बहिणीकडे, पिंगुळीक. येतंस तर पेटीत बस."

तेव्हापासून आठ वर्षं आम्ही हिंडतोय. माझा उजवा गुडघा काही धड नाही, त्यामुळे रस्त्याची माझी खूण वेगळी. लोक म्हणतात इथे वळण, तिथे पूल. मला ठाऊक असतं कुठे पायरी आहे. वाटेतल्या कट्टा गावी चहाच्या दुकानाची पायरी बरोब्बर दोन चिऱ्यांची. बहिणीकडे फणसाखालचा दगड. ह्यांनी गाडी तिथे लावायची, मी दगडावर चढायचं, पाय पलीकडे टाकायचा. जिथे दगड नाही तिथे आम्ही थांबतच नाही.

तर यंदा ह्यांच्या मित्राने त्याच गाडीचं नवं मॉडेल घेतलं. हा मित्र गावातलाच, शाळेत गणित शिकवायचा, आता दोघांचं मिळून एकच काम, गाडी पुसणं. त्याची ती गाडी बघून आल्यापासून ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. जुनी देऊन नवी घ्यायची का, असं चाललं होतं. शेवटी तो मित्रच गाडी घेऊन दारात आला. मला म्हणाला, "वैनी, माका इचारू नकात. एक दिवस फिरान येवा नि तुमच्या पाठीक इचारा."

म्हणून त्या दिवशी आम्ही नेहमीच्याच वाटेने निघालो. दोन चिऱ्यांवरून मी चढले खरी, पण मागची सीट चांगली वीतभर उंच. त्या मित्राने खालून ढकलल्यासारखं केलं आणि मग दुसरीकडे बघितलं. सभ्य माणूस.

आता खरं सांगते, वर गेल्यावर मात्र सुख. जुनी गाडी एका वेगाला आली की पायाखाली थरथरायची, कट्टा येईपर्यंत माझी बोटं बधिर. गिअर बदलला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर टक्क. आणि उजव्या पोटरीला इंजिनाची धग, ती वेगळीच. नवीत ह्यातलं काही नाही. गिअर कधी पडला कळतसुद्धा नाही. पुढची काच बटण दाबून वर होते. आणि मी एवढी उंच, की मला गडग्यांपलीकडची अंगणं दिसायला लागली, कोणाच्या दोरीवर काय सुकतंय तेही.

"अवो, माका म्होरलो रस्तो दिसता!" मी ओरडले.

"आठ वर्सां काय बघीत होतंस मगे?"

"तुमचा हेल्मेट!"

कट्ट्याला उतरलो. उतरणं काय, घसरलेच. चहा आला. आणि तिथे मी एक गोष्ट बघितली. जुन्या गाडीवरून आलो की हे ग्लास दोन्ही हातांनी धरायचे. पुढे वाकून चालवायचं, सगळा भार मनगटांवर, हाताला मुंग्या. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. कट्ट्याला, मे महिन्यात! त्या दिवशी ह्यांनी ग्लास एका हातात धरला होता. दुसऱ्या हाताने दुकानदाराला गाडीतलं काय काय दाखवत होते. नवीत हँडल जरा उंच आहे ना, ताठ बसता येतं.

मी चहा संपवला आणि चढायला गेले, तर जमेना. ती दोन चिऱ्यांची पायरी कमी पडली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पाय सीटला लागून परत. तेवढ्यात स्टॉपवर एसटी आली, सगळी खिडक्यांना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तां रवांदे. यष्टीची पायरी खाली आसा, येवा!" मीसुद्धा हसले. काय करणार? शेवटी दुकानदाराने थंड पेयांचा रिकामा क्रेट पायरीवर पालथा घातला, स्टॉपवरच्या दोघी बायकांनी कोपर धरलं आणि मी वर.

पिंगुळीला बहिणीच्या दगडावरूनही तीच कसरत. घरी परत येऊन ह्यांनी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "रवांदे. जुनीच बरी. तू येवचंस नाय तर माका ती घेवन काय करूचा आसा?"

मित्राला विचारलं, सीट खाली होते का? तो म्हणाला, "म्होरची होता. मागची नाय." गाडी बनवणाऱ्यांनी मागे बसणारीचा गुडघा कुठे बघितलाय!

मी म्हटलं, "जुनी बरी, ती माका. तुमच्या हाताक नाय. घेवा नवी. चढूचा माजा मी बघतंय."

"खंय खंय चढतलंस?"

"चढतलंय कमी. उतरतलंयच कमी."

नवी आली. फाटकाशी तिसरा चिरा ह्यांनी स्वतः बसवला, पाणसळ लावून. बहिणीने फणसाखाली एक फळी ठोकून घेतली. आणि कट्ट्याला मी आता उतरतच नाही. दुकानासमोर गाडी उभी राहते, मी वरच बसलेली, एसटीतले लोक वाकून बघतात. हे दुकानात जातात, आणि माझा चहाचा ग्लास मला वर आणून देतात. एका हाताने.