खंडोजीची अंधारडोली

खंडोजी भोयाच्या मनात पाच वर्षं एकच गोष्ट धुमसत होती: भैयासाहेबाच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, आणि ते वहिनीच्या कानावर घालायचं. मग मेलो तरी बेहत्तर, असं म्हणायचा तो. म्हणेल नाही तर काय! गुन्हा एकाचा आणि तोंड काळं दुसऱ्याचं, हे कोण सहन करील?

हकीकत अशी. खंडोजी आणि त्याचा थोरला भाऊ माधव, दोघं मिळून भैयासाहेबांची डोली वाहायचे. भैयासाहेब म्हणजे धारच्या दरबारातले एक लहानसे मानकरी, पण ऐट अशी की जमिनीला पाय लावतील तर शपथ! आता, डोलीचा कायदा साधा असतो. मागच्या भोयाला डोलीमुळे पुढचं काही दिसत नाही. म्हणून पुढच्यानं बघायचं आणि हाक द्यायची: काटा, खड्डा, उतार, पाणी. त्या हाकेवर मागचा पाऊल टाकतो. पुढं असायचा खंडोजी, मागं माधव.

सेहेचाळीसच्या श्रावणात धरमपुरीच्या वाटेवरचा नाला फुगला होता. खंडोजीनं तीनदा हाक दिली, "पाणी! खोल पाणी!" आणि थांबला. पण भैयासाहेबांना नर्मदाकाठी अभिषेकाची वेळ गाठायची होती ना! पडद्यातून काठी बाहेर आली आणि खंडोजीच्या पाठीत बसली. "चल पुढं, हरामखोरा!" गेले बिचारे. मधोमध माधवचा पाय सुटला. डोली काठाला लागली, भैयासाहेब वाचले. माधव दुसऱ्या दिवशी खाली झुडपात अडकलेला सापडला.

आणि हे गृहस्थ धारला येऊन काय सांगतात? "पुढच्यानं हाकच दिली नाही." झालं! मानकऱ्याचा शब्द तो, खाली कसा पडेल? भोयांत याहून मोठं पाप नाही. खंडोजीच्या जोडीला कोणी खांदा देईना. माधवची बायको सुभद्रा तर त्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. समोर आला की पदर ओढून तोंड फिरवायची. पोटासाठी तिनं फुटाण्याची भट्टी घातली, आणि त्याच्या घरून गेलेलं धान्य जसंच्या तसं परत पाठवलं.

पुढं राज्यं विलीन झाली आणि डोल्या माळ्यावर गेल्या. एक्कावन्न साली धारच्या जत्रेत शालिग्राम नावाच्या ठेकेदारानं अंधाराचा तंबू ठोकला. चहूकडून काळ्या घोंगड्या, आत रंगवलेले राक्षस. लोकांनी चालत जायचं नि भ्यायचं. लोक हसत बाहेर पडायचे आणि त्याला माळवी बोलीत भाऊ म्हणून सुनवायचे, "भिया, अंधेरे में पैदल तो हम रोज जाते हैं!" शालिग्राम रडकुंडीला आला. मोठ्या शहरांत माणसाला गाडीत बसवून रुळांवरून अंधारात फिरवतात, खरा खेळ तोच, असं त्यानं ऐकलं होतं. पण रूळ आणायचे कुठून?

खंडोजी त्याच्याकडे गेला. "रूळ कशाला, शेटजी? डोली आहे की. आणि ते राक्षस फेकून द्या."

"अरे भिया, अंदर कुछ दिसणारच नाही, तर खेळ कसला?"

"दिसलं तर अंधार कसला? बसणाऱ्याला उतरता येऊ नये, वाट त्याच्या हातात नसावी, आणि पुढं काय आहे ते दुसऱ्यानं सांगावं. एवढं जमलं की झाली तुमची अंधारगाडी. हाका मी देतो. भ्यायचं काम माणूस आपलं आपण करतो."

त्यानं एकच अट घातली. तंबू सुभद्राच्या जत्रेतल्या भट्टीला लागून हवा. शालिग्रामला काय त्याचं? हो म्हणाला. मागच्या खांद्याला देवासचा तुकाराम मिळाला. धारच्या गावगप्पा त्याच्या कानी नव्हत्या.

काय चालला तो खेळ! आत नुसती सपाट जमीन, पण खंडोजी "साप!" म्हणाला की मोठमोठे मिशीवाले डोलीत पाय पोटाशी घ्यायचे. जत्राभर तेच बोलणं. खंडोजी मात्र वाट बघत होता. चौथ्या दिवशी दुपारी भैयासाहेब आले. शालिग्रामनं हात जोडले, "हुजूर, डोलीचा मान तर आपलाच." मग काय, गडी फुगला! भोयाच्या तोंडाकडे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं, आताही पाहिलं नाही. पडदा सारून आत बसला.

भैयासाहेब येणार ही कुणकुण लागताच त्या सकाळी खंडोजीनं तंबूच्या मधोमध, भट्टीच्या बाजूला, एक खड्डा खणून पाण्यानं भरला होता.

"उतार," खंडोजी म्हणाला. डोली पुढं कलली. "चिखल. निसरडं. नाला आला."

आतून आवाज आला, "कोण रे तू?"

"पाणी! खोल पाणी!" खंडोजीचे पाय खड्ड्यात पडले, पाणी वाजलं. खंडोजीनं गुडघे वाकवले, डोलीचा तळ ओला झाला. "कमरेइतकं! भैयासाहेब, मागच्याचा पाय सुटतोय! काठी घाला पाठीत, घाला! नाहीतर सांगा, मी हाक दिली होती का नव्हती?"

"खंड्या! मागं फिर, खंड्या!"

"हाक दिली होती का? छातीइतकं पाणी!"

"दिली होतीस! तीनदा दिलीस रे! मीच म्हटलं चल! मला बाहेर काढ, तुझ्या पाया पडतो!"

असा टाहो फोडला की अर्ध्या जत्रेनं ऐकला. कनातीपलीकडे भट्टीवरचा झारा वाजायचा थांबला.

खंडोजीनं डोली टेकली. तुकारामला खूण केली आणि दोघं बाहेर आले. उन्हात सुभद्रा उभी होती, हात राखेनं माखलेले. तिनं तोंड फिरवलं नाही. "भाऊजी," ती म्हणाली, "पाच वर्षं मी तुम्हाला शिव्याशाप दिले हो." आणि हुंदका आला तिला. पोराबाळांदेखत खंडोजी ओक्साबोक्शी रडला.

आत भैयासाहेब डोलीतून उतरून चाचपडत होता. "कोणी आहे का? पुढं काय आहे? अरे, सांगा ना कोणी!"

शालिग्राम दिवा घेऊन धावला. सुभद्रानं त्याला हातानं अडवलं. डोळे पुसले, कनातीला तोंड लावलं, आणि भोयाच्या घरच्या खणखणीत आवाजात हाक दिली, "पाणी! खोल पाणी!"

आतली पावलं जागच्या जागी थांबली.